डाव्या हाताची जागा

पितृपक्ष संपायला एक दिवस उरला असताना तुमसर रोड स्टेशनावर माझ्या नावाचं पार्सल आलं. आलं ते असं: लोखंडी पत्र्याचं झाकण एक, वजन अकरा किलो, भंगाराच्या भावानं तेहेतीस रुपये. भोवतीचं पोतं, दोन रुपये. सुतळी माझ्या बहिणीच्या घरची, म्हणून फुकट. दुर्गहून रेल्वेचं भाडं सात रुपये, इकडे हमालाला एक. झाकणावर शेंदराचे चार पंजे उमटलेले आहेत. त्यांचे पैसे कोणी मागितले नाहीत. मागितले असते तर मी कुठपर्यंत गेले असते, ते मला आजही सांगता येणार नाही.

आपल्या मंडळाच्या अंकात दरवर्षी कोणी काशीचं लिहितं, कोणी रामेश्वरचं. मी भिलाईला जाऊन आले, तेही ऐन पितृपक्षात, रणगाडे बघायला. ही काय यात्रा झाली, असं वाटेल. पण मी देवाला निघताना जशी निघते तशीच निघाले होते, आंघोळ करून, उपाशी.

दिगांबर, म्हणजे दिगू, हा माझा पाठचा भाऊ. रणगाड्यांच्या पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याची गाडी पुढे गेली ती परतली नाही. नंतर गाडी मिळाली, आतली चारही माणसं मिळाली नाहीत, एवढंच पलटणीकडून कळलं. तेव्हापासून आमची माय त्याचं श्राद्ध करू देत नाही. "जित्या पोराले पाणी देऊ काय?" म्हणते. मेला म्हणून रडत नाही, येणार म्हणून हसत नाही. दारातून माणूस आत आला की आधी त्याच्या पायांकडे बघते, मग तोंडाकडे.

यंदा पोळ्याला माझी धाकटी बहीण मंदा भिलाईहून माहेरी, म्हणजे माझ्याकडेच, आली; माय माझ्यापाशीच असते. तिचे यजमान मनोहरराव तिथे कारखान्यात क्लार्क आहेत. जेवताना ती सहज बोलून गेली, "ताई, आमच्या तिकडं सुपेल्याच्या भंगारवाल्याकडे तीन टँक येऊन पडले. आमचे हे पाहून आले. दोन कापणं सुरू हाये, तिसऱ्याले कोणी हातच लावून नाही राहिलं."

"कावून?"

"आत शेंदराचे हात हायेत म्हणे. चार. कापणारे भेतात."

मी वाढत होते. मंदा पुढे म्हणाली, "तीन उजवे अन् एक डावा."

माय भिंतीला टेकून बसली होती. तिचा घास हातातच राहिला. दिगू डावखुरा होता. लहानपणी जेवताना माय त्याचा डावा हात पदरानं पाठीशी बांधायची. देवाचा प्रसाद डाव्या हातात घेतला म्हणून त्या हातावर तिनं उलथनंही मारलंय. जेवायला उजवा शिकला तो, पण बाकी सगळं डाव्यानंच.

माय मला म्हणाली, "जा. पाहून ये. तो त्यातून बाहेर निघला का, तेवढं पाहून ये."

तुमसर रोडहून सकाळची पॅसेंजर धरावी. एक्सप्रेसला तिकीट जास्त आणि जागा नाही. खिडकी हवी असेल तर डाव्या बाजूला बसा, डोंगरगडची टेकडी त्या अंगाला दिसते. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि भाजलेले शेंगदाणे घेतले होते, म्हणून वाटेत फक्त गोंदियाला एक चहा झाला. तोही पाणचट. सालेकशाच्या पुढे दाट जंगल लागतं आणि मग बोगदा. गाडीत दिवे नव्हते. बोगद्यात डबा काळा झाला तसा गप्पा मारणाऱ्या बायका एकदम थांबल्या. मी हात पुढे केला, मला माझाच हात दिसेना. लोखंडाच्या पेटीत बसून कुठेतरी जायचं म्हणजे काय, हे मला तिथे पहिल्यांदा वाटलं. उजेड आला तेव्हा समोरच्या म्हातारीनं विचारलं, "बाई, कोणाचं नाव घेऊन राहिली होती?" मी काही बोललेय असं मला आठवत नव्हतं.

डोंगरगडला गाडी बरीच थांबते. टेकडीवरच्या बम्लेश्वरीला खिडकीतूनच हात जोडले आणि परतीच्या वेळी चढून येईन असं बोलले. दुर्गला उतरून भिलाईकडे टेम्पो मिळतात. टेम्पोवाला एकट्या बाईला बघून दीडपट सांगतो. सामान खाली ठेवून दुसऱ्या टेम्पोकडे निघाल्याचं सोंग केलं की बरोबर भावावर येतो.

मंदाचं क्वार्टर दोन खोल्यांचं, पण अंगण आहे, तुळस आहे. संध्याकाळी दिवा लावायला अंगणात गेले तर अख्खं आभाळ तांबडं झालं. वाऱ्याचा आवाज नाही, विजेचा नाही. माझी सावली दिवा लावायच्या आधीच तुळशीवर पडली. मंदा आतून म्हणाली, "कारखान्यात लोखंडाचा तापलेला मळ ओतून राहिले, ताई. रोजचंच हाये." तिची पोरं त्या उजेडात अभ्यास करत बसली होती. मी मात्र तुळशीपाशी उभी राहून विचार करत होते, की तिकडे भट्टी आहे आणि इकडे सुपेल्यात दिगूची गाडी रांगेत उभी आहे.

सकाळी मनोहररावांच्या स्कूटरवर मागे बसून सुपेल्याला गेले. हमरस्त्यावर ट्रक, सायकली, हातगाड्या यांची इतकी गर्दी की मनोहररावांना ओरडून बोलावं लागत होतं. "ताई, पाहून घ्या, पण मनाले लावून घेऊ नका. डावे हात लोकायले पुष्कळ असतात." मी म्हटलं, तुम्ही समोर बघून गाडी चालवा.

दुकानांच्या मागच्या गल्लीत भंगाराचं आवार होतं. आत शिरलं की रस्त्याचा गोंगाट दार लावल्यासारखा कमी होतो. पत्र्याच्या भिंती, तेलानं काळी झालेली माती, आणि मधे ते तिघे.

मी रणगाडा कधी पाहिला नव्हता, तरी तिन्ही ओळखले. दिगू सुटीवर आला की माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसायचा आणि माझीच भांडी मांडून मला शिकवायचा. उभा डबा ठेवायचा, "हा शर्मन. जुना. उंच हाये, म्हणून लांबून दिसते. पेट्रोलवर चालते, मार बसला की तुया स्टोव्हसारखा भडकते." मग मोठा गंज, भाताचं पातेलं, "हा पॅटन, दुश्मनाचा. अंग गोल, इंजिन दमदार. नेम धरायचं यंत्र एवढं भारी की शिकता शिकता शिपाई म्हातारा होते." शेवटी कढई उपडी घालायचा. "अन् हा आपला टी-पंचावन्न. बुटका. शेतात उभा राह्यला तर ढेकूळ वाटते. गोल टोप असा उतरता, छपराच्या कवेलूवरून पाणी घसरते तसा गोळा घसरला पाह्यजे."

त्यानंच सांगितलं होतं, की इंग्रजांनी पहिला रणगाडा काढला तो खंदक ओलांडायला, तोफा दोन्ही कुशींना, वर फिरता टोप नाहीच. लोकांना कळू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं सांगितलं, तेच टँक हे नाव चिकटलं. माय तेव्हा म्हणाली होती, "म्हंजे माया पोराले सरकारनं टाक्यात बसवलं." पुढे टोप आला, मग चिलखत तिरपं झालं. पण भांडण तेच राहिलं, असं दिगू म्हणे. तोफ मोठी हवी, चिलखत जाड हवं आणि गाडी पळायला हवी; तिन्ही एकदम कोणालाच मिळत नाही. मी म्हटलं, आमच्या घरासारखंच की रे, भाडं, किराणा आणि लुगडं. तो हसून म्हणाला, "मग पंचावन्नमधे लुगड्याले काट मारली, ताई. आत जागाच नाही ठेवली."

आवारात शर्मनचं वरचं अंग कापून नेलेलं होतं. पॅटन अर्धा होता, पण त्याचा टोप आणि तोफ शाबूत होती. आणि त्या तोफेचं तोंड समोरच्या टी-पंचावन्नच्या उजव्या कुशीवर रोखलेलं होतं. मुद्दाम कोणी ठेवलं नव्हतं. क्रेननं उतरवताना जशी जागा मिळाली तसं उतरवलं, असं आवाराचा मालक शेठ म्हणाला. पण मधून चालत जायची वेळ आली तेव्हा मी वळसा घेतला, आणि पाहिलं तर तिथले कामकरीही वळसाच घेत होते. मातीत त्या वळशाची पायवाट पडली होती.

कापणाऱ्यांचा मुख्य बिसाहू नावाचा छत्तीसगढी माणूस. टी-पंचावन्नसमोर त्यानं नारळ फोडलेला, उदबत्ती लावलेली. मला म्हणाला, "दीदी, एला नइ काटन. भीतरी कोनो साँस लेथे." आत कोणी श्वास घेतं, म्हणून कापणार नाही.

शेठ ओरडला, "अरे, हवा है, हवा! सोमवार को नहीं काटा तो दूसरे आदमी लाऊँगा."

बिसाहू शांतपणे म्हणाला, "त हवा ला तहीं काट ले, सेठ."

सगळे हसले. शेठही हसला, पण गाडीजवळ तोही आला नाही.

मी पदर खोचला आणि चढले. मनोहररावांनी खालून हात दिला. टोपावर दोन झाकणं असतात. डावीकडचं गंजून बसलं होतं, उजवीकडचं उघडं होतं. मी मारुतीचं नाव घेऊन उजवीकडून पाय सोडले. लुगडं कशाला तरी अडकलं, टर्रकन फाटलं. आत एक लहानशी बैठक होती. त्यावर बसले.

आतून भिंती पांढऱ्या रंगवलेल्या, काळवंडलेल्या. तेलाचा आणि जुन्या ओल्या राखेचा वास. समोर गुडघ्यापाशी एक पेटी, आणि तिच्या झाकणावर ते चार पंजे. तेलात कालवलेला शेंदूर, देवळातल्या मारुतीच्या अंगावर चढतो तसा घट्ट बसलेला. खंडेनवमीला पलटणीत गाड्यांची पूजा होते आणि गाडीतली चौघं आपापला हात उमटवतात, हे दिगूनं सांगितलं होतं. मायनं तेव्हा विचारलंही होतं, "उजवाच उमटवला ना रे?"

तीन पंजे उजवे होते. चौथा डावा, आणि त्याची करंगळी मधे तुटलेली. टोक उमटलेलं, मूळ उमटलेलं, मधलं पेर नाही. बैलगाडीच्या जुवाखाली सापडून दिगूची करंगळी वाकडी झाली होती. ती कधीच सपाट टेकायची नाही.

मी रडले नाही. मला आधी ती जागा बघायची होती. मी बसले होते ती गोळे भरणाऱ्याची जागा. शर्मनमध्ये, पॅटनमध्ये हा माणूस डाव्या बाजूला बसतो, उजव्या हातानं गोळा ढकलतो. टी-पंचावन्नमध्ये तोच उजवीकडे, तोफ त्याच्या डाव्या अंगाला. चार वर्षांच्या पोराएवढ्या वजनाचा गोळा डाव्या हातानं सारायचा. दिगू घरी येऊन छाती काढून म्हणाला होता, "माय, तू बांधला तोच हात सरकारले पाह्यजे होता." मी बसल्या बसल्या उजवा हात तोफेकडे नेऊन पाहिला. कोपर भिंतीवर आपटलं. डावा नेला. सरळ पोचला. बैठक, उंची, हात, सगळं त्याच्या मापाचं होतं. शिंप्यानं शिवावं तसं.

तेव्हाच माझ्या डाव्या गालाला थंड श्वास लागला. थांबला. पुन्हा लागला. तोफेचं मागचं तोंड उघडं होतं, माझ्या चेहऱ्यापासून वीतभर. बाहेर वारा सुटला की नळीतून तो आत यायचा, पडला की थांबायचा, आणि नळीत खोल कुठेतरी हुं असा आवाज व्हायचा. मला हे कळत होतं. कळूनही मी "दिगू" म्हटलं. आवाज थांबला. जरा वेळानं पुन्हा आला.

आणि मग उजेड आला. ढगाआड गेलेलं ऊन बाहेर पडलं असेल. माझ्या उजव्या खांद्यापुढून एक गोल, झगझगीत ऊन आत शिरलं आणि माझ्या छातीवर येऊन बसलं, पदराच्या जरा वर. मी वळून पाहिलं. भिंतीला आरपार भोक होतं, माझी मूठ जाईल एवढं. आतल्या अंगाला लोखंड मेणासारखं ओघळून थिजलेलं. त्या भोकातून मला पॅटनच्या तोफेचं तोंड दिसत होतं.

मी सरकून पाहिलं. सरकायला जागाच नव्हती. कसंही बसलं तरी ऊन छातीवर.

खाली वाकले तेव्हा पुढे ड्रायव्हरच्या जागेमागे तळाचं एक झाकण उघडं दिसलं. त्यातून जमीन दिसत होती, आणि जमिनीवर गवताची दोन हिरवी पाती. तिथून माणूस बाहेर पडू शकतो. पण माझ्या बैठकीपासून तिथपर्यंत जायला आधी माझ्या बैठकीवरून उठता यायला हवं.

बाहेर आले. मनोहरराव फाटलेलं लुगडं बघून म्हणाले, "मंदा रफू करून देईन." बिसाहूनं लोटाभर पाणी दिलं. "रिहिस का, दीदी? होता का कोणी?" अर्धं त्याच्या बोलीत, अर्धं माझ्या. मी होय म्हणून मान हलवली. तो म्हणाला, "त आज ले साँस नइ लेही." म्हणजे आजपासून तो श्वास थांबेल. आणि त्यानं दुसरा नारळ फोडला.

पंजे असलेलं पेटीचं झाकण मी मागितलं, ते काढून द्यायला शेठ लगेच तयार झाला, पण वार शनिवार. शनिवारी मी लोखंड घरात आणत नाही, सुईसुद्धा नाही. शेठ म्हणाला, "बहनजी, तो पैसा कल दे देना." म्हटलं, उद्याच घेईन आणि उद्याच पैसे देईन, तोवर ते तुमचंच. रात्रभर ते तिथेच राहिलं आणि रात्रभर मी जागी. रविवारी गेले तर बिसाहूनं बोल्ट काढून ठेवलेले. गॅसची ज्योत त्यानं जवळ नेली नव्हती, शेंदूर तडकू नये म्हणून. दुर्गला पार्सल लावताना बाबूनं "क्या माल है?" विचारलं. मनोहरराव म्हणाले, "भांड्याचं झाकण."

परतीला डोंगरगडला उतरले. पायऱ्या पुष्कळ आहेत, सकाळी उन्हाच्या आधी चढा. वर थंडगार वारा असतो. मला मात्र डाव्या गालाला लागला की पाऊल थांबायचं. देवीपुढे काय मागायचं ते ठरवूनच चढले होते. वर गेल्यावर मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. मायला कसं सांगू, एवढंच विचारलं.

गाडी दिगूचीच, हे सांगावं लागलंच नाही. पार्सल सोडलं, झाकण मायपुढे ठेवलं. तिला आता कमी दिसतं. तिनं बोटांनी एकेक पंजा चाचपला. चौथ्यावर आली, करंगळीपाशी थांबली, आणि आपला हात त्या हातावर सपाट ठेवला. शेंदूर तिच्या तळव्याला लागला नाही, इतका जुना तो.

हात तसाच ठेवून तिनं विचारलं, "बाहेर निघला का?"

मी तिला उन्हाचं सांगितलं.

"केवढं होतं?"

मी मूठ करून तिच्या हातात दिली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, चाचपली, आणि सोडून दिली.

सर्वपित्रीला भटजी आले. माझा मोठा मुलगा मामाला पाणी द्यायला बसला. भटजींनी त्याला उजव्या हातावर पाणी घ्यायला सांगितलं. इतक्या वर्षांत देवाधर्मात एक अक्षर मागेपुढे न करणारी माय मधेच म्हणाली, "महाराज, तुमचं शास्तर तुमी करा. पण त्यानं उजव्यानं मनापासून कधी काही घेतलंच नाही." ती उठली, तांब्या घेतला, आपल्या डाव्या तळहातावर पाणी घेतलं आणि झाकणावरच्या डाव्या पंजावर सोडलं. मग भटजींनी मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हटला.

झाकण आता देव्हाऱ्याशेजारी आहे. माय रोज पुसते. माणूस दारात आला तर आता आधी त्याच्या तोंडाकडे बघते.

त्यावरचे तीन उजवे पंजे कोरडे राहिले. परवा पुसता पुसता माय म्हणाली, "यायले कोण पाणी देते गं? का कोणीच देऊन नाही राहिलं, मायासारखं?" दिगू सांगायचा, की गाडीचा ड्रायव्हर आपल्या मराठी मुलखातला, सगळे त्याला मामा म्हणत. खरं नाव मला ठाऊक नाही. त्याची जागा तळाच्या त्या उघड्या झाकणापाशी. तिन्ही पंजे मी कागदावर उतरवून ठेवलेत: एकाचा अंगठा फार रुंद, एकाच्या पहिल्या बोटाला टोक नाही, एकाच्या अनामिकेवर अंगठीची रिकामी रेघ. तुमच्या घरातून असा हात रणगाड्यावर गेला असेल, तर मंडळाच्या पत्त्यावर उलट टपाली कळवा, मी कागद पाठवीन. आणि मामा परतले असतील, कुठे अंगणात बसून कोणी वाचून दाखवलेलं हे ऐकत असतील, तर तेही कळवा. त्यांनी काय पाहिलं ते ऐकायला माय आता तयार आहे.